जुने सुव्हेनिर पोस्टकार्ड फोल्डर: आधी मोजा, मग घ्या, मग जपा

बाहेर जाड कागदाचे रंगीत पाकीट, त्याची झाकणी खाचेत अडकवलेली, आणि आत पेटीच्या भात्यासारखी उलगडत जाणारी चित्रांची लांब पट्टी. अमेरिकेतल्या अँटिक मॉलमध्ये, जुन्या बाजारात किंवा ईबेवर असे फोल्डर ढिगाने दिसतात. १९३० ते १९५० या काळात ते तिथल्या बहुतेक शहरांत, हॉटेलांत आणि राष्ट्रीय उद्यानांत विकले जात. हा लेख त्याच काळातल्या, लिनन कागदावर, म्हणजे कापडाच्या विणीसारखा उठाव दिलेल्या कागदावर छापलेल्या फोल्डरांपुरता आहे. नव्या संग्राहकांच्या हाती तेच जास्त येतात आणि त्यांचीच जास्त नासाडी होते.

नासाडी करणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. कोणी पट्टी कापून सुटी कार्डे करतो, कारण अल्बममध्ये ती नीट बसतात. कोणी घरी आणल्या आणल्या ओल्या फडक्याने पुसतो. फाटलेल्या घडीला सेलोटेप लावणारे तर घरोघरी आहेत. पण फोल्डर ही एकच वस्तू आहे. पाकीट, झाकणी, पट्टी, चित्रांचा क्रम, टपालाचे तिकीट, शिक्का आणि पत्ता हे सगळे मिळून ती होते. यातले काही सुटले की उरतो तो छापील कागद, आणि तसा कागद मुबलक आहे. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. विशेषतः नोंद आणि सफाई यांची अदलाबदल करू नका.

## टप्पा १: विषय आखून घ्या

"दिसेल ते घेऊ" असे ठरवलेत तर वर्षभरात खोके भरेल आणि त्यात नायगारा आणि मायामी यांचेच फोल्डर निम्मे निघतील. ते खूप छापले गेले, खूप विकले गेले आणि खूप उरले. एक धागा निवडा. तुम्ही किंवा तुमची मुले राहतात ते शहर, एकाच छापखान्याचे काम, रूट ६६ या जुन्या महामार्गावरची गावे, किंवा जागतिक प्रदर्शने: शिकागोचे १९३३-३४ चे, न्यूयॉर्कचे १९३९-४० चे आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या ट्रेझर आयलंडवरचे त्याच वर्षांतले. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावण्यांचे फोल्डर हा आणखी एक चांगला धागा. त्यांत बराकी, कवायती, भोजनगृहे दिसतात, आणि पाठवणारा सैनिक असल्यामुळे पत्त्याच्या बाजूलाही वाचण्यासारखे काही सापडते.

मला विचाराल तर नवख्याने एकच शहर घ्यावे. तेच पूल, तीच इमारत, तोच चौक वेगवेगळ्या छापखान्यांनी कसा दाखवला हे शेजारी ठेवून पाहता येते. नजर तयार होते ती अशा तुलनेतून. सॅन फ्रान्सिस्कोजवळ किंवा शिकागोत राहणाऱ्या मराठी घरांना हे सोपे आहे, आणि मुलांकडे सहा महिने मुक्कामाला गेलेल्या आईबाबांना तर त्यासाठी वेळही असतो.

## टप्पा २: साहित्य आधी, खरेदी नंतर

फोल्डर घरी आल्यावर पिशव्या शोधत बसलात तर तो तोवर टेबलावर, उन्हात, चहाच्या कपाशेजारी पडून राहतो. आधी एवढे जमवा:

- दहापट मोठे दाखवणारे भिंग
- मऊ, पांढरा, रुंद ब्रश (रंगकामाचा नवा चालेल)
- २बी शिशाची पेन्सिल
- पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशव्या, बंद फोल्डरपेक्षा प्रत्येक बाजूने अर्धा सेंटिमीटर मोठ्या
- आम्लमुक्त पुठ्ठ्याचे खोके आणि तसाच पातळ कागद
- सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) आणि छोटा डिजिटल आर्द्रतामापक

पिशव्यांबाबत दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. पीव्हीसीच्या पिशव्या आणि अल्बम आपल्याकडे सर्रास मिळतात, दिसायला चकचकीत असतात आणि काही वर्षांत चिकट होऊन शाईला धरून बसतात. प्लॅस्टिकवर त्रिकोणातला आकडा असेल तर ३ म्हणजे पीव्हीसी, तो नको. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, तो चालेल. आकडा नसेल आणि नव्या रेनकोटसारखा उग्र वास येत असेल तर ती पिशवी परत करा.

> सूचना: बंद फोल्डरांचे आकार थोडेफार वेगळे असतात. बहुतेक साधारण सव्वाचार बाय सहा इंचांचे. पोस्टकार्डाच्या मापाची पिशवी त्यांना अपुरी पडते आणि झाकणीचा कोपरा मुडपतो.

## टप्पा ३: हातात घेऊन तपासणी

याच टप्प्यावर सर्वाधिक चुका होतात. वरचे चित्र आवडले की लोक पैसे काढतात. पैसे देण्याआधी चार मिनिटे द्या, आणि विक्रेत्याला विचारूनच फोल्डर उघडा.

३.१ झाकणी उघडताना. झाकणीचे टोक खाचेत अडकवलेले असते. ते ओढून काढायचे नाही. पाकीट किंचित दाबले की खाच उघडते आणि टोक आपोआप सैल होते. फोल्डरचा हा सर्वांत नाजूक भाग. खाचेच्या दोन्ही टोकांना फाट आहे का आणि टोकाची किनार तुटली आहे का, ते पाहा. झाकणी पाकिटापासून वेगळी झाली असेल तर तो फोल्डर पूर्ण धरायचा नाही, वरचे चित्र कितीही ताजे असो.

३.२ मोजणी. पट्टी सपाट टेबलावर हळूहळू उलगडा, हवेत लोंबू देऊ नका. नेहमीची रचना म्हणजे ९ पाने, दोन्ही बाजूंनी छापलेली, एकूण १८ चित्रे. कमी-जास्त चित्रांचे फोल्डरही असतात. पाकिटावर चित्रांची संख्या छापलेली असेल तर तीच प्रमाण माना. मोजताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कधी झाकणीच्या आतल्या बाजूला किंवा पाकिटाच्या आत चित्र नसून शहराची माहिती असते, ते पान चित्रांत धरू नका. आणि लांब पट्टी काही वेळा दोन तुकडे चिकटवून केलेली असते, त्यामुळे मधला चिकटवलेला सांधा दिसला म्हणून दुरुस्ती झाली असे समजू नका. छापखान्याचा सांधा सरळ, एकसमान आणि दोन्ही बाजूंच्या चित्रांशी जुळलेला असतो. घरगुती सांध्यात डिंकाचा पिवळा डाग, तिरपी कड किंवा चित्राचा गिळलेला काठ सापडतो.

३.३ शेवटचे पान. पट्टीचे एक टोक पाकिटाला चिकटवलेले असते. तिथला डिंक सुकून पट्टी सुटलेली असणे हा क्षम्य दोष, फक्त ती त्याच फोल्डरची आहे ना ते पाहा. एका शहराच्या पाकिटात दुसऱ्याची पट्टी घालून विकलेली सापडते. पानांवरची गावांची नावे आणि छापखान्याचे नाव पाकिटाशी जुळवा.

३.४ घड्या. प्रत्येक घडी प्रकाशासमोर धरा. उजेडाच्या बारीक रेघा दिसल्या म्हणजे फाट सुरू झाली आहे. एका घडीला टोकाशी सेंटिमीटरभर फाट असेल तर चालवून घ्या. तीन घड्या निम्म्याच्या वर फाटल्या असतील तर तो फोल्डर केवळ संदर्भासाठी घ्यावा, आणि किंमतही तशीच द्यावी.

३.५ डाग. पिवळी, चकचकीत पट्टी म्हणजे जुना सेलोटेप. रबरबँडचा तपकिरी ठसा, टाचणीचा गंज, अल्बमचे काळे कागद मागे चिकटलेले, हे सगळे कायमचे समजा. नाकाने तपासायला विसरू नका: कुबट वास येत असेल तर आत कुठेतरी बुरशी आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो.

३.६ अस्सल की नवा छाप. भिंगाखाली जुना छाप ठिपक्यांच्या नियमित जाळीचा दिसतो, लाल, निळा, पिवळा, काळा एकमेकांत गुंफलेले. आजच्या इंकजेट छापाचे ठिपके विस्कळीत, फवारल्यासारखे असतात. लिनन म्हटले तरी कापड नसते, तो कापडाच्या विणीसारखा उठाव दिलेला कागदच असतो. बोटाच्या पेराला तो उठाव जाणवला पाहिजे. नुसता विणीचा फोटो छापलेला असेल तर पृष्ठभाग गुळगुळीत लागतो.

> तपासा: संख्या जुळली? झाकणी जोडलेली? पाकीट आणि पट्टी एकाच गावाची? वास नाही? चारही उत्तरे "हो" असतील तरच किमतीचे बोला.

## टप्पा ४: दुरून विकत घेताना

ऑनलाइन यादीत बहुधा पाकिटाचे दोन फोटो असतात आणि बस. खरेदीआधी विक्रेत्याला हे विचारा: पाने किती, दोन्ही बाजूंचे फोटो मिळतील का, झाकणीच्या आतली बाजू दाखवाल का, घड्यांवर टेप आहे का, वास आहे का. "वयाच्या मानाने चांगला" एवढेच उत्तर आले तर दुसरा विक्रेता बघा. या वस्तू इतक्या दुर्मीळ नाहीत की अंधारात उडी मारावी.

नेहमीचे फोल्डर काही डॉलरांत मिळतात. भारतात मागवताना पाठवणीचा खर्च वस्तूपेक्षा जास्त होतो. म्हणून एकाच विक्रेत्याकडून पाच-सहा एकत्र घ्या, किंवा अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या पत्त्यावर जमू द्या आणि येणाऱ्याला हातातल्या बॅगेत आणायला सांगा. विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत देऊ नका. त्यांना सांगताना "दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये, प्लॅस्टिकमध्ये, लोणच्यापासून दूर" असे स्पष्ट सांगा.

तिकडे प्रत्यक्ष हिंडायचे असेल तर मॅसॅच्युसेट्समधला ब्रिमफील्डचा बाजार मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये भरतो आणि कॅलिफोर्नियातल्या पॅसडीनाच्या "रोज बोल" स्टेडियमवरचा बाजार महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. मोठ्या बाजारांपेक्षा छोट्या गावांच्या अँटिक मॉलमध्ये त्या भागाचे फोल्डर सापडण्याची शक्यता अधिक.

## टप्पा ५: घरी आल्यावर वेगळे ठेवा

नवा फोल्डर थेट जुन्या खोक्यात टाकायचा नाही. कसरीची अंडी आणि बुरशीचे बीज दोन्ही त्याच्याबरोबर येऊ शकतात. त्याला आम्लमुक्त कागदात सैल गुंडाळून, वेगळ्या खोक्यात, कोरड्या खोलीत दोन आठवडे ठेवा. मधून उघडून बघा: बारीक भुगा, कुरतडलेल्या कडा, नवे ठिपके.

किडीचा संशय आला तर फोल्डर पिशवीत घालून हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी किमान एक दिवस उघडू नका. थंड कागदावर खोलीतल्या हवेचे पाणी जमते, आणि पावसाळ्यात ते फार जमते. फोल्डर खोलीच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडा. बुरशी फ्रीझरने मरत नाही, ती फक्त थांबते. तिच्यासाठी टप्पा ८ पाहा.

## टप्पा ६: नोंद आणि स्कॅन, सफाईच्या आधी

सफाईत पेन्सिलीची जुनी किंमत पुसली जाते, सुटलेले तिकीट पडते, आत ठेवलेली पावती हरवते. म्हणून फोल्डर आला तसा आधी नोंदवा.

स्कॅनर ६०० डीपीआयवर ठेवा. एका वेळी एक पान काचेवर, बाकीची पट्टी शेजारी त्याच उंचीच्या पुस्तकावर टेकवलेली. स्कॅनरचे झाकण जोराने दाबू नका. दाबाने घडी मोडते आणि लिननचा उठावही चेपतो. झाकण उघडे ठेवून वर काळा कागद धरलात तरी स्कॅन चांगला येतो. ठिपक्यांच्या जाळीमुळे पडद्यावर लाटा दिसल्या तर स्कॅनरची जाळी घालवणारी सोय (डिस्क्रीन) वापरा, पण एक प्रत त्या सोयीशिवायही ठेवा. छापखाना ओळखायला ठिपकेच लागतात.

फाइलींची नावे क्रम सांगणारी हवीत: फोल्डरचा क्रमांक, बाजू, पान. पुढची बाजू १ ते ९, मागची १ ते ९. झाकणीच्या दोन्ही बाजू आणि पाकिटाची पाठ वेगळी. हा क्रम सोडला तर पुढे पट्टी घडीत सुटून पडल्यावर पाने पुन्हा लावता येत नाहीत.

वहीत किंवा तक्त्यात एवढे लिहा: शहर, पाकिटावरचा मजकूर जसाच्या तसा, छापखाना, स्थानिक वितरक, सगळे छापील क्रमांक, चित्रांची संख्या, दोष, तिकीट आणि शिक्का, कोणाकडून घेतला, किंमत. वितरक आणि छापखाना हे वेगळे आहेत. पाकिटावर मोठ्या अक्षरात गावातल्या दुकानाचे नाव असते आणि खाली बारीक अक्षरात शिकागोच्या कर्ट टाइकचे, बोस्टनच्या टिकनर ब्रदर्सचे किंवा मिलवॉकीच्या ई. सी. क्रॉपचे. नवखे लोक दुकानाचे नाव छापखाना म्हणून लिहून ठेवतात आणि पुढची सगळी वर्गवारी बिघडते.

> सूचना: फोल्डरवर स्वतःचा क्रमांक लिहायचाच झाला तर पाकिटाच्या आतल्या कोऱ्या जागी, शिशाच्या पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेन, स्टिकर, रबरी शिक्का अजिबात नाही.

## टप्पा ७: काळ ठरवणे

काळ ठरवताना प्रत्येक पुरावा दोनपैकी एकच गोष्ट सांगतो: "याच्या आधीचा नाही" किंवा "याच्या नंतरचा नाही". दोन्ही गोळा करा आणि मधली फट कमी करत जा.

छापील क्रमांक. कर्ट टाइकच्या लिनन चित्रांवर बहुधा आकडा, अक्षर, मग पुढचा क्रमांक असा संकेत असतो. अक्षर दशक सांगते: ए म्हणजे १९३० चे दशक, बी १९४० चे, सी १९५० चे, डी १९६० चे, ई १९७० चे. अक्षराआधीचा आकडा त्या दशकातले वर्ष. म्हणजे "५ए" ने सुरू होणारा क्रमांक १९३५ चा, "२बी" ने सुरू होणारा १९४२ चा. पण हा क्रमांक त्या चित्राचा असतो. फोल्डरमध्ये जुनी चित्रे पुन्हा वापरत, त्यामुळे एकाच पट्टीवर १९३४, १९३७, १९४१ असे तिन्ही सापडू शकतात. सर्वांत नवा क्रमांक धरा. फोल्डर त्याच्या आधीचा असू शकत नाही. सर्वांत जुना क्रमांक पाहून "१९३४ चा फोल्डर" असे लिहिणे ही या छंदातली नेहमीची चूक आहे, विक्रेत्यांच्या याद्यांतही ती भरपूर दिसते.

कर्ट टाइकचा कारखाना १८९८ ते १९७८ चालला. त्यांचा संग्रह आता शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे आणि त्यातला बराच भाग ऑनलाइन पाहता येतो. टिकनरची कार्डे बोस्टन सार्वजनिक ग्रंथालयाने डिजिटल केली आहेत. आपल्या फोल्डरमधले चित्र तिथे सुटे कार्ड म्हणून सापडले तर क्रमांक जुळवता येतो.

टपालदर. माझ्या मते हा सर्वांत विश्वासू आणि सर्वांत दुर्लक्षित पुरावा. फोल्डर मजकुराशिवाय पाठवला तर तो तिसऱ्या वर्गाचे टपाल, दर दीड सेंट. आत काही लिहिले तर पत्राचा दर. अनेक पाकिटांवर तिकिटाच्या चौकटीतच हे दोन्ही दर छापलेले असतात: मजकुराविना दीड सेंट, मजकुरासह तीन. दीड सेंटाचा दर एप्रिल १९२५ पासून १९४८ अखेरपर्यंत होता. पत्राचा तीन सेंटांचा दर जुलै १९३२ ते जुलै १९५८. दोन्ही दर एकत्र छापलेले असतील तर पाकिटावरचा छाप १९३२ ते १९४८ च्या दरम्यानचा, भिंग काढण्याची गरज नाही.

तिकीट लावलेले असेल तर तेही वाचा. दीड सेंटाचे मार्था वॉशिंग्टनचे तिकीट १९३८ च्या मालिकेतले आहे, अध्यक्ष हार्डिंगचे १९२५ पासूनचे. तिकिटाच्या जागी हाताने "फ्री" लिहिलेले असेल तर पाठवणारा लष्करात होता: १९४२ पासून अमेरिकी सैनिकांना ती सवलत होती. तिसऱ्या वर्गाच्या टपालावर तारखेविना नुसत्या रेघांचा शिक्का बरेचदा दिसतो, त्यामुळे तारीख नाही म्हणून तो खोटा समजू नका. तारीख असेल तर ती "याच्या नंतरचा नाही" हे सांगते. कधी छापला हे ती सांगत नाही. दुकानात दहा वर्षे पडून राहिलेला फोल्डरही कोणीतरी पाठवतो.

पत्ता. छापखान्याच्या किंवा वितरकाच्या पत्त्यात शहर आणि राज्य यांच्यामध्ये एक-दोन अंकी क्रमांक असेल तर तो १९४३ पासूनचा टपालाचा विभाग-क्रमांक. पाच अंकी झिप कोड १ जुलै १९६३ पासून आला. या दोहोंतला फरक एका नजरेत वीस वर्षे वेगळी करतो.

चित्रातला पुरावा. गोल्डन गेट पूल १९३७ मध्ये वाहतुकीला खुला झाला, बे ब्रिज त्याच्या आदल्या वर्षी. एम्पायर स्टेट इमारतीवर टीव्हीचा उंच मनोरा दिसला तर चित्र १९५० च्या आधीचे नाही. पण एखादी गोष्ट दिसत नाही यावरून काही ठरवू नका, कारण जुनीच चित्रे पुन्हा छापत. आणि लिननच्या रंगांवर तर मुळीच विसंबू नका. मूळ फोटो कृष्णधवल असायचे, रंग छापखान्यातले कलाकार भरत. तारा, गाड्या, माणसे पुसून टाकत, ढग आणि चंद्र घालत. रात्रीची बरीच दृश्ये दिवसाच्या फोटोवरून केलेली आहेत. इमारत खरोखर गुलाबी होती का, याचे उत्तर फोल्डर देणार नाही.

> तपासा: नोंदीत एक वर्ष लिहिण्यापेक्षा दोन टोके लिहा: "१९४१ नंतर, १९४८ पर्यंत". त्यापुढे कोणत्या पुराव्यावरून, तेही.

## टप्पा ८: सफाई

कमीत कमी. पट्टी सपाट ठेवा, मऊ ब्रशने मधून बाहेर, एकाच दिशेने धूळ काढा. घडीच्या रेषेवर आडवा ब्रश फिरवू नका, फाट वाढते. कोऱ्या पाठीवर पेन्सिलीच्या खुणा असतील तर त्या राहू द्या.

जे करायचे नाही ते असे:

- पाणी, ओले फडके, वाइप्स. पाण्याने रंगांवर डाग उठतात, कागद फुगतो आणि पाकिटाचा डिंक सुटतो.
- खोडरबर. लिननच्या उंचवट्यावरचा रंग आधी निघतो, मळ खाचेतच राहतो.
- इस्त्री. वाकलेला फोल्डर सरळ करायला दोन आम्लमुक्त कागदांमध्ये ठेवून वर दोन-तीन पुस्तकांचे वजन, तेही बंद स्थितीत, आठवडाभर. एवढे पुरते.
- तिकीट भिजवून काढणे. तिकिटाची किंमत बहुधा नगण्य, आणि ते जागेवर असेल तरच टपालदराचा पुरावा टिकतो.
- सेलोटेप, "मॅजिक" म्हणून मिळणारी पारदर्शक टेपही.

फाटलेली घडी आहे तशी ठेवणेच उत्तम. आधारासाठी पानांमध्ये आम्लमुक्त पातळ कागद घाला. फोल्डर खरोखर मोलाचा असेल आणि पट्टीचे दोन तुकडे होणार असतील तर जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरून संवर्धनतज्ज्ञ ती जोडतात. हे काम त्यांच्याकडूनच करून घ्या. स्वयंपाकघरातली खळ आणि फेव्हिकॉल यांनी जोडलेला कागद पुढे कोणालाही सोडवता येत नाही.

बुरशी दिसली तर घासू नका, घासल्याने ती कागदात शिरते. फोल्डर आधी कोरडा होऊ द्या. मग नाकावर मास्क लावून, घराबाहेर, सावलीत, वाऱ्याची दिशा पाहून मऊ ब्रशने झटका, आणि तो ब्रश दुसऱ्या फोल्डरला लावू नका. उन्हात वाळवायचा मोह टाळा: बुरशीआधी रंग जातील.

## टप्पा ९: साठवण, विशेषतः पावसाळ्यासाठी

परदेशी पुस्तकांतले सल्ले कोकणात किंवा मुंबईत जसेच्या तसे चालत नाहीत. कागदाला ३५ ते ५० टक्के आर्द्रता मानवते. जुलैत ती आपल्या खोल्यांत ८० च्या वर जाते, आणि ६५ च्या पुढे बुरशीला रान मोकळे मिळते.

म्हणून मुख्य साठवण डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. त्या कोरड्या दिवसांत फोल्डर उघडून, खोके मोकळे करून, कागद बदलून पुन्हा भरा. ओलसर हवेत भरलेले हवाबंद खोके ओलावा आत कोंडून ठेवते, त्यापेक्षा उघडे शेल्फ बरे. जूनच्या आधी खोक्यात सिलिका जेल ठेवा, आर्द्रतामापक आत ठेवा आणि पंधरा दिवसांनी आकडा बघा. जेलचा रंग बदलला की पाकिटावर दिल्याप्रमाणे तापवून कोरडे करा. जेल फोल्डरला टेकता कामा नये.

फोल्डर बंद ठेवावा, पिशवीत एक, खोक्यात उभा, पाठीला आधार देऊन. फार दाटून भरू नका, बोट सहज आत गेले पाहिजे. आडवी चळत लावायची तर सहा-सातच्या वर नको, तळाच्या फोल्डरची खाच दबते. झाकणी खाचेत अडकवून ठेवायची की नुसती मिटायची? खाच धड असेल तर अडकवा. फाट सुरू झाली असेल तर नुसती मिटा आणि पिशवीलाच धरून ठेवू द्या.

खोके बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पोटमाळ्यावर नको, जमिनीवर नको. घरातल्या मधल्या खोलीचे कपाट, मधला खण. डांबराच्या गोळ्या कागदाशेजारी ठेवू नका. कडुनिंबाची पाने आपण पुस्तकांत ठेवत आलो, पण फोल्डरच्या घडीत ठेवलेले पान कागदावर आपला तपकिरी ठसा सोडते. ठेवायचीच तर कपाटाच्या कोपऱ्यात, कापडाच्या पुरचुंडीत.

> तपासा: ऑगस्टमध्ये एकदा प्रत्येक खोके उघडा. वास घ्या, कडा पाहा. दिवाळीच्या साफसफाईपर्यंत थांबलात तर उशीर होतो.

## टप्पा १०: दाखवणे, अदलाबदल, पाठवणी

पट्टी उलगडून भिंतीवर फ्रेम केलेली सुंदर दिसते, आणि वर्षभराच्या उजेडात तिचे निळे-लाल फिके पडतात. भिंतीसाठी टप्पा ६ मधल्या स्कॅनची छापील प्रत वापरा. पाहुण्यांनाही तीच हाताळू द्या. अस्सल फोल्डर दाखवायचा तेव्हा कोरड्या, धुतलेल्या हातांनी, टेबलावर, आणि एकदाच पूर्ण उलगडून. पुन्हा मिटताना मूळ घडीच्या दिशेनेच मिटा. उलटी घडी पडली की तिथे पांढरी रेघ उठते आणि पुढच्या दोन-तीन उलगडण्यांत ती फाटते.

दुबार आलेले फोल्डर विकताना किंवा बदलून देताना स्वतःच्या तपासणीतले सगळे दोष लिहून द्या, चित्रांची संख्या आणि दोन्ही बाजूंचे फोटोही. पाठवताना फोल्डर पिशवीत, पिशवी दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये, पुठ्ठे फोल्डरपेक्षा दोन सेंटिमीटर मोठे. पिशवी खालच्या पुठ्ठ्याला कागदी टेपच्या दोन छोट्या पट्ट्यांनी धरून ठेवा, म्हणजे आत सरकणार नाही. टेप पिशवीच्या बंद बाजूला लावा. तोंडाशी लावली तर उघडणाऱ्याचा फोल्डर बाहेर येताना त्याच टेपला चिकटतो आणि झाकणी फाटते.